आधी प्रश्न, मग आकडे

भातकापणी करताना किंवा जांभ्या दगडांची रास हलवताना लाल विंचू चावला, की पालीसारख्या गावातल्या घराला एकच गोष्ट हवी असते : आपला माणूस लवकर बरा व्हावा. कोणता उपचार त्यासाठी अधिक चांगला, हे खात्रीने कसे कळते?

याचा धडा कोकणातच मिळतो. विंचूदंशावर प्राझोसिन हे औषध गुणकारी ठरते, हे महाडच्या डॉ. हिंमतराव बावस्कर यांनी दाखवले. पुढचा प्रश्न होता, सोबत प्रतिविष दिले तर रुग्ण आणखी लवकर बरा होतो का? त्यासाठी ७० रुग्णांचे चिठ्ठी टाकल्याप्रमाणे दोन गट केले. ३५ जणांना नुसते प्राझोसिन आणि ३५ जणांना दोन्ही. मुख्य तुलनाही एकच : औषध दिल्यावर दहा तासांनी घाम, लाळ, गार पडलेले हातपाय अशी लक्षणे किती जणांची गेली? दोन्ही औषधे मिळालेल्यांत ३२, नुसते प्राझोसिन मिळालेल्यांत ८. 'ब्रिटिश मेडिकल जर्नल'ने २०११ च्या जानेवारीत हा निष्कर्ष छापला. चाचणी एकाच रुग्णालयातली होती आणि कोणाला काय दिले हे डॉक्टरांना ठाऊक होते, या तिच्या मर्यादा. पण प्रश्न नेमका होता.

प्रश्न न ठरवता आकडे चाळत बसले तर काय होते? एका तुलनेत निव्वळ योगायोगाने फरक दिसण्याची शक्यता साधारणपणे पाच टक्के धरतात. वय, वजन, रक्तदाब, स्त्री-पुरुष अशा वीस स्वतंत्र तुलना केल्या, तर औषधाच्या जागी पाणी दिले तरी निदान एका ठिकाणी 'यश' दिसण्याची शक्यता ६४ टक्क्यांवर जाते. तेवढेच छापायचे आणि उरलेल्या एकोणीस तुलनांबद्दल मौन पाळायचे, हे पावसाळा संपल्यावर पावसाचे भाकीत सांगण्यासारखे आहे.

अचानक नजरेस पडलेले टाकून द्यावे, असे नाही. पुष्कळ शोधांची सुरुवात रुग्णाच्या खाटेशी केलेल्या निरीक्षणातूनच होते. मात्र तो तर्क असतो, निकाल नव्हे. निकालासाठी तोच प्रश्न आधी लिहून नव्या रुग्णांवर तपासावा लागतो.

म्हणूनच देशात चाचण्यांची सरकारी नोंदवही आहे. 'क्लिनिकल ट्रायल्स रजिस्ट्री' २००७ मध्ये सुरू झाली आणि एप्रिल २०१८ पासून पहिला रुग्ण घेण्याआधीच नोंद करावी लागते. ती कोणालाही विनामूल्य पाहता येते.

मधुमेह, सांधेदुखी यांवरच्या 'संशोधनाने सिद्ध' जाहिराती वाचताना ग्राहकाने, आणि अशा बातम्या छापताना आम्हीही, एक प्रश्न विचारायलाच हवा : ही तुलना आधी ठरली होती, की नंतर सापडली? उत्तर मिळत नसेल, तर खिशात हात घालू नये. आणि विंचू चावला, तर मांत्रिकाकडे न जाता तडक दवाखाना गाठावा.