एक चूर्ण, अनेक देश

‘सर्व देशांची नोंदणी एकरकमी करून देऊ’ अशी पत्रके हल्ली औषधनिर्मात्यांकडे येतात. आमच्या एका स्नेह्यांनी आगाऊ रक्कम भरली. जुन्या घाण्यांच्या नोंदी मध्यस्थाने त्यानंतर मागितल्या. त्या नव्हत्याच!

त्रिफळा चूर्ण येथे औषध. अमेरिकेत १९९४ च्या कायद्यान्वये ते आहारपूरक म्हणून विकले जाते, आणि वेष्टनावर व्याधी बरा करण्याचा दावा करता येत नाही. कॅनडात २००४ पासून अशा उत्पादनास क्रमांक घ्यावा लागतो. युरोपीय संघाची वाट सर्वांत बिकट. पारंपरिक वनौषधी म्हणून नोंदणीसाठी २००४ च्या निर्देशानुसार ३० वर्षांच्या औषधी वापराचा पुरावा हवा, त्यांतील १५ वर्षे सामान्यतः संघातील देशांतलीच. चरकसंहिता ही १५ वर्षांची उणीव भरून काढीत नाही. रसकल्पांना तर या वाटेने प्रवेशच नाही.

मध्यस्थ अर्ज भरील. पुरावा कोठून आणील? शिसे, पारा, आर्सेनिक, कॅडमियमचे तपासणी-अहवाल, घाणीवार नोंदी, परदेशी पाठविलेल्या मालाची बिले हे सारे आपल्याच कपाटात हवे. वैद्यबंधूंनी व फार्मसीचालकांनी करारावर सही करण्यापूर्वी कोणता देश, कोणता वर्ग व अर्ज नाकारल्यास शुल्काचे काय, हे लेखी मागून घ्यावे.