न विझणारा दिवा

दिवाळीत घरोघर दिवे लावण्याची धांदल असते. गेल्या वर्षी मात्र आमची सारी धडपड एक दिवा विझवण्यासाठी चालली होती! हा दिवा आमच्या मोटारीतला. पिवळा, आणि त्यात ‘ए.बी.एस.’ ही तीन अक्षरे. चार महिने तो माझ्याकडे टक लावून पाहत होता आणि मी डोळेझाक करीत होतो. गाडी धावते, ब्रेक लागतात, मग कशाला खोलात जा! एका कारागिराने तर स्वस्त उपायही सुचवला होता, “दिवाच काढून टाकू, साहेब. दिसला नाही म्हणजे डोक्याला ताप नाही.”

दिवाळीसाठी सासुरवाडीला, वळसंगला निघालो. सोलापूर मागे टाकून अक्कलकोटच्या रस्त्याला लागलो तोच पावसाची सर आली, आणि म्हशीचे एक रेडकू आडवे आले. करकचून ब्रेक दाबला. चाके जागच्या जागी जखडली, स्टिअरिंग फिरवून उपयोग होईना, आणि गाडी घसरत रस्त्याच्या कडेला जाऊन थांबली. कुणाला खरचटलेही नाही, रेडकूही वाचले. पण मागच्या बाकावरची मुले कितीतरी वेळ बोलली नाहीत, आणि सौ.ने माझ्याकडे पाहिले नाही. त्या न पाहण्याचा अर्थ संसारी वाचकांना सांगायला नको.

घरी पोचल्यावर धाकट्या मेव्हण्यांनी दिवा पाहिला. आपला ट्रॅक्टर आपणच उघडून जोडणारे हे गृहस्थ. म्हणाले, “दाजी, दिवा विझवायचं मागनं बघू की. तो काय सांगतोय ते आधी ऐका.”

तो सांगत होता ते असे. प्रत्येक चाकाजवळ अंगठ्याएवढा एक सेन्सर असतो. चाकाबरोबर फिरणाऱ्या दातेरी किंवा चुंबकीय कड्यावरून तो चाकाचा वेग टिपतो. जोरात ब्रेक दाबल्यावर एखादे चाक जखडू लागले, की यंत्रणा त्याचा ब्रेक सेकंदात अनेकदा सैल करते आणि पुन्हा आवळते. त्यामुळे गाडी वळवता येते. 1978 साली जर्मनीत मर्सिडीझच्या मोटारींत ही सोय आली, आपल्याकडे 2019 पासून नव्या मोटारींना ती सक्तीची झाली. एका सेन्सरने मौन धरले तरी सारी यंत्रणा रजेवर जाते. नेहमीचे ब्रेक लागतात, पण ऐन वेळी सावरणारा हात नसतो. जोडीला ब्रेकचा तांबडा दिवाही लागला, तर मात्र गाडी हलवूच नये.

दुसऱ्या दिवशी सकाळी मेव्हण्यांनी दोष वाचणारे यंत्र पैदा केले. साधी यंत्रे पुष्कळदा इंजिनापुरतेच वाचतात, ए.बी.एस. वाचणारे लागते. पुढचे डावे चाक, असा निकाल लागला. गाडी सपाट, कडक जागेवर घेतली, हँडब्रेक ओढला, मागच्या चाकांना दगड लावले. नट जमिनीवर असतानाच थोडे सैल केले, मग जॅक लावला आणि खाली भक्कम स्टँड दिला. “नुसत्या जॅकवरच्या गाडीखाली मुंडी घालायची न्हाई, दाजी,” अशी ताकीदही मिळाली.

चाक काढले तो आत काळ्या मातीचा गिलावा! तो ब्रशने धुतला. वायर कुठे घासली आहे का, प्लगमध्ये पाणी आहे का, कड्याचे दाते शाबूत आहेत का, हे पाहिले. सारे ठीक. चाक बसवून फेरी मारली, दिवा कायम. तेव्हा सोलापुराहून त्याच गाडीचा, त्याच बाजूचा सेन्सर आणला.

एकच बोल्ट. तो निघाला, पण सेन्सर गंजून भोकात रुतलेला. मी हातोडी उचलली. मेव्हण्यांनी ती हळूच काढून घेतली. ठोकले तर सेन्सर तुटून अर्धा आतच राहतो, नाहीतर कडे दुखावते. गंज सोडवणारे तेल सोडले, चहा घेतला, आणि मग हलकेच पिळत पिळत तो बाहेर काढला. भोकातला गंज नीट साफ केला, कारण सेन्सर पुरता टेकला नाही तर कड्यापासूनचे अंतर वाढते आणि त्याला काही उमगत नाही. वायर पूर्वीच्याच क्लिपांतून नेली. मोकळी राहिली तर वळताना टायरला घासते. नट समोरासमोरचे आवळले, शेवटचा जोर गाडी खाली घेतल्यावर. यंत्रातून जुना दोष पुसला.

किल्ली फिरवली. दिवा लागला. माझा चेहरा पडला, पण चार-पाच सेकंदांत तो गेला आणि गेलाच. काही गाड्यांत तो थोडे अंतर चालल्यावरच जातो. किल्ली फिरवताच त्याने क्षणभर लागलेच पाहिजे. ती त्याची हजेरी. जुनी गाडी घेणाऱ्यांनी हे ध्यानात ठेवावे. दिवा मुळीच लागत नसेल, तर मला सुचवलेला तो स्वस्त उपाय कुणीतरी आधीच केलेला असण्याचा संभव आहे.

संध्याकाळी सासूबाईंना अक्कलकोटला दर्शनाला नेले. सौ. पुढे बसली. मी किल्ली फिरवली तेव्हा तिची नजर रस्त्याकडे नव्हती, त्या तीन अक्षरांकडे होती.

“लागला... गेला,” ती म्हणाली. मग दोन दिवसांत प्रथमच माझ्याकडे पाहून म्हणाली, “चला आता.”