पेन्सिलीची नोंद

फेब्रुवारी 2001 मध्ये अमेरिकेच्या यूटा राज्यात स्नोबर्ड येथे जमलेल्या 17 संगणकतज्ज्ञांनी, सविस्तर दस्तऐवजापेक्षा चालती प्रणाली अधिक मोलाची, असा जो ‘अजाइल’ जाहीरनामा सिद्ध केला, त्याचा अर्थ आपल्याकडे पुष्कळदा निव्वळ घाई असा लावला जातो, याचे आम्हांस मनापासून वाईट वाटते. दस्तऐवज त्यांनी त्याज्य मानलाच नव्हता. पण केवळ दस्तऐवजाने गरज कळत नाही: एका गोदामात, नव्या प्रणालीच्या छापील पावतीवर फाटक्या पोत्यांची संख्या पेन्सिलीने कडेला टिपणारा कारकून आम्ही पाहिला, कारण त्या संख्येसाठी पावतीत रकानाच नव्हता, आणि प्रणालीचा मसुदा मंजूर करणारे अंमलदार त्याच्या मेजापाशी कधी बसलेच नव्हते. त्या नोंदीवरूनच हा अंक योजिला: मेजापाशी बसून गरज हुडकणे, पंधरवड्यागणिक थोडे करून दाखवणे आणि कारकून जेथे बोट ठेवील तेथून पुढचे काम ठरवणे, हे व्यवसाय-विश्लेषकाचे कसब त्यात आहे.