हळद, उजेड आणि जखम

दिवाळीच्या सुमारास धाराशिव जिल्ह्यातल्या कळंब-भूम भागातली अनेक कुटुंबे बिऱ्हाड पाठीशी बांधून ऊसतोडीला बाहेर पडतात. फडात कोयता घसरून पायावर बसला, की प्रथम आठवते ती हळद. जखम चिघळली, तर मेडिकलमधून आणलेल्या दोन दिवसांच्या गोळ्या. ठणका थांबला की उरलेल्या गोळ्या कोपीच्या वळचणीला! रोगजंतूंना औषध पचवायला शिकवणारी शाळा ती हीच. औषधाला न जुमानणाऱ्या जंतूंनी 2019 या एका वर्षात जगभरात सुमारे 12 लाख 70 हजार बळी घेतले, असा अंदाज आहे.

म्हणूनच शास्त्रज्ञ पुन्हा उजेडाकडे वळले आहेत. कातडीच्या क्षयावर प्रकाशाचे उपचार करणाऱ्या डेन्मार्कच्या नील्स फिन्सेन यांना 1903 मध्ये नोबेल पारितोषिक मिळाले. त्याआधी, 1900 मध्ये, म्युनिकच्या ऑस्कर राब या विद्यार्थ्याने दाखवून दिले होते, की ॲक्रिडिन या रंगद्रव्यात सोडलेले सूक्ष्मजीव अंधारात तगतात, उजेडात मात्र झटपट मरतात.

यातले इंगित असे : रंगद्रव्य प्रकाश शोषते आणि ती ऊर्जा भोवतालच्या प्राणवायूला देते. हा चेतलेला प्राणवायू जंतूचे आवरण, प्रथिने, जनुकद्रव्य अशा सगळ्यांवर एकदम तुटून पडतो. नेहमीचे प्रतिजैविक बहुधा एकाच मर्मावर घाव घालते. जंतू तेवढे मर्म बदलून निसटतो. चहूबाजूंच्या हल्ल्यातून निसटणे अवघड.

मौज अशी, की हळदीतले करक्युमिन हेही असेच द्रव्य आहे. निळ्या प्रकाशात त्याची जंतुनाशक शक्ती वाढते, हे प्रयोगशाळेत दिसले आहे. जखमेवरच्या हळदीचे अमेरिकन पेटंट 1997 मध्ये भारताने रद्द करवून घेतले, तेव्हा आपण आजीच्या बटव्याचा अभिमान मिरवला. पण अभिमान म्हणजे उपचार नव्हे. करक्युमिन पाण्यात नीट विरघळत नाही, प्रकाश शरीरात खोलवर जात नाही. रक्तात भिनलेल्या संसर्गापुढे ही युक्ती लंगडी पडते. तेव्हा हळद लावून उन्हात बसण्याचा प्रयोग कोणी घरी करू नये.

नवा उपचार फडापर्यंत पोचेल तेव्हा पोचेल. तोवर हातातली औषधे बोथट होऊ न देणे आपल्याच हाती आहे. गोळ्यांच्या पाकिटावरची लाल रेघ डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय ओलांडायची नाही, आणि त्यांनी सांगितलेले दिवस पुरे केल्याशिवाय गोळी सोडायची नाही, एवढे पथ्य तरी आपण पाळणार की नाही?