साक्षीदार आणि बघे

मराठीत रहस्यकथेला तोटा नाही आणि विनोदालाही नाही. तरीही खुनाच्या गोष्टीतून प्रसिद्धीच्या हव्यासाची आणि त्यावर पोसलेल्या माध्यमांची टर उडवणारी, वाचकाला हसवता हसवता ओशाळे करणारी कादंबरी म्हणून एखादे नाव घ्यावे, तर ते चटकन ओठांवर येत नाही. ही उणीव सामग्रीची नाही. आमच्या मते ती धारिष्ट्याची आहे. अशा कादंबरीत आरोपीच्या पिंजऱ्यात अखेर वाचकालाच उभे करावे लागते, आणि तसे करायला आपला विनोद व आपली रहस्यकथा दोन्ही कचरतात.

हा विचार जळगाव जामोदला बसून करताना श्रीपाद कृष्ण कोल्हटकरांची आठवण अपरिहार्य ठरते. मराठी विनोदी लेखनाचे हे आद्य प्रवर्तक एके काळी येथे वकिली करीत. १९०२ साली ‘विविधज्ञानविस्तारा’त आलेला त्यांचा ‘साक्षीदार’ हा लेख आधुनिक मराठी विनोदाचा आरंभ मानला जातो. म्हणजे हा विनोद जन्माला आला तोच मुळी कोर्टाच्या आवारात. पुढे ‘सुदाम्याच्या पोह्यां’त कोल्हटकरांनी चोरांचे संमेलनही भरवले. सुदामा, बंडूनाना आणि पांडूतात्या ज्या खुळांची टिंगल करतात, त्यांत ते स्वतःही सामील असतात, हे त्या लेखनाचे खरे मर्म आहे. नंतरच्या आपल्या लोकप्रिय विनोदाने हे सामील असणेच हळूहळू गाळले. तो वाचकाच्या खांद्यावर हात ठेवू लागला. वाचकाकडे बोट दाखवणे त्याने सोडून दिले.

रहस्यकथेचेही तसेच झाले. बाबूराव अर्नाळकरांनी हजाराहून अधिक कथा लिहिल्या. झुंजार, काळापहाड, धनंजय ही नावे घरोघरी पोहोचली. सुहास शिरवळकरांनी दारा बुलंद आणि बॅरिस्टर अमर विश्वास यांच्यामागे पुढची पिढी उभी केली. या लेखकांनी मराठी माणसाला वाचनाची गोडी लावली, हे ऋण मोठे आहे. परंतु या कथांत गुन्हा नेहमी ‘दुसरा’ करतो. शेवटच्या पानावर तो सापडतो आणि वाचक निर्धास्तपणे दिवा मालवतो.

प्रत्यक्षात मात्र वाचक इतका निर्दोष कधीच नव्हता. २७ एप्रिल १९५९ रोजी मुंबईत नौदलातील कमांडर कावस नानावटी यांनी पत्नीचा प्रियकर प्रेम आहुजा याच्यावर गोळ्या झाडल्या. रुसी करंजियांच्या ‘ब्लिट्झ’ने नानावटींची बाजू घेऊन मोहीमच उघडली आणि अंकांवर उड्या पडल्या. ज्युरीने आठ विरुद्ध एक मतांनी त्यांना निर्दोष ठरवले. उच्च न्यायालयाने तो कौल फिरवून जन्मठेप दिली, सर्वोच्च न्यायालयाने १९६१ साली ती कायम केली आणि १९६४ मध्ये त्यांना माफी मिळाली. पण कादंबरीकाराने टिपावा असा तपशील निकालपत्रात नाही. तो रस्त्यावर आहे. मुंबईचे फेरीवाले तेव्हा नानावटीच्या नावाने खेळण्यातली पिस्तुले आणि आहुजाच्या नावाने टॉवेल विकत होते. ती पिस्तुले कोणी तरी आपल्या मुलांसाठी घरी नेलीच असतील. काळ्या विनोदाची कादंबरी त्या घरात सुरू व्हायला हवी होती. आपल्याकडे या प्रकरणावर मधुसूदन कालेलकरांचे ‘अपराध मीच केला’ हे नाटक आले, हिंदीत २०१६ साली ‘रुस्तम’ आला. दोन्हींत भर राहिला तो नाट्यावर. टॉवेल घेणारे गिऱ्हाईक सुटले ते सुटलेच.

हे गिऱ्हाईक मराठीत एकाच लेखकाने नेमके पकडले, आणि तेही रंगभूमीवर. ‘शांतता! कोर्ट चालू आहे’मध्ये वेळ घालवण्यासाठी मांडलेला खटल्याचा खेळ बेणारेबाईंच्या खासगी आयुष्याची चिरफाड करतो. प्रेक्षक आधी हसतो आणि मग त्याला आपलेच हसणे ऐकू येते. १९८१च्या सुमारास आलेल्या ‘कमला’मध्ये पत्रकार जयसिंग जाधव अडीचशे रुपयांत स्त्री विकत घेतो आणि तिला पत्रकार परिषदेत उभी करतो. ज्या व्यापाराचा पर्दाफाश करायचा, त्याच व्यापाराचा तो गिऱ्हाईक होतो. तेंडुलकरांनी दाखवलेली ही वाट आपल्या कादंबरीने चोखाळली नाही.

दरम्यान बघ्यांची संख्या वाढत गेली. जून २०२० मध्ये सुशांतसिंह राजपूत या अभिनेत्याचा मृत्यू झाला आणि कित्येक महिने वृत्तवाहिन्यांनी घराघरांत कोर्ट भरवले. जानेवारी २०२१ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने या माध्यमी खटल्यावर कडक शब्दांत ताशेरे ओढले. मार्च २०२५ मध्ये सीबीआयने तपास बंद करण्याचा अहवाल सादर केला. तोवर बघे पुढच्या खेळाला निघून गेले होते. कोल्हटकरांच्या साक्षीदाराला निदान शपथ घ्यावी लागे आणि उलटतपासणीला तोंड द्यावे लागे. बघ्याला यातले काहीच नाही. साक्षीदाराचा बघ्या होणे, हा या सव्वाशे वर्षांतला आपला प्रवास आहे.

हा विषय मुंबईच्या झगमगाटापुरता आहे, असे कोणी समजू नये. २००६ साली शेतकरी आत्महत्यांमुळे पंतप्रधानांचे विशेष पॅकेज मिळालेल्या विदर्भातील सहा जिल्ह्यांत बुलढाणाही होता. कोणाचा मृत्यू पडद्यावर दाखवण्याजोगा आणि कोणाचा नाही, हा हिशेब आमच्या विद्यार्थ्यांना शिकवावा लागत नाही. ‘पीपली लाइव्ह’ने २०१० साली हा हिशेब हिंदी पडद्यावर मांडला. आणि रमेश इंगळे उत्रादकरांच्या ‘निशाणी डावा अंगठा’ने त्याआधीच, २००५ साली, साक्षरता मोहिमेतील ढोंगाचा पंचनामा करून दाखवून दिले होते, की याच जिल्ह्याच्या मातीतून निर्दय आणि तरीही माणुसकी न सोडणारा उपहास उगवू शकतो.

मृत्यूवर हसणे म्हणजे मृताचा अपमान, असा आक्षेप येईल. तो रास्तही आहे. पण हसायचे ते मेलेल्या माणसावर नव्हे, त्याच्या दारात मान उंचावून उभ्या असलेल्या गर्दीवर. उपहास नेम चुकला तर स्वतःच तमाशा होतो, म्हणूनच हे काम अवघड आहे आणि म्हणूनच ते कसलेल्या कादंबरीकाराचे आहे. अशी कादंबरी मराठीत आली, तर ती अभ्यासक्रमात लावण्याची शिफारस आम्ही आनंदाने करू. अट एकच: शेवटच्या पानावर दिवा मालवताना वाचकाचा हात क्षणभर अडखळला पाहिजे.