वास घामाचा, घास पाण्यातल्या जिवाचा



मुंबईला कामासाठी गेलो की आमचा मुक्काम घाटकोपरला गावाकडच्या माणसांकडे असतो. मागच्या खेपेला तिथल्या एका दुकानात बनियन घ्यायला गेलो. दुकानदाराने दोन बनियन पुढे टाकले. दोन्ही सुती, दोन्ही पांढरे, पण एकाची किंमत दुसऱ्याच्या दीडपट. कारण विचारले तर म्हणाला, “हा जंतुरोधक आहे. दिवसभर घाला, घामाचा वास येणार नाही.” यात घातले काय आहे, असे विचारले तर त्याला सांगता येईना. वेष्टन उलटेसुलटे करून पाहिले, त्यावरही काही लिहिलेले नव्हते.

आम्ही साधाच बनियन घेतला. पण प्रश्न डोक्यातून गेला नाही. कापूस आमचा. त्या कापसाच्या नावावर शहरात काय विकले जाते आणि ते धुतल्यावर कोठे जाते, हे विचारण्याचा हक्क आम्हाला आहे. म्हणून थोडी चौकशी केली. त्यातून जे कळले ते येथे मांडतो.

कापडात काय घालतात

घामाला स्वतःचा वास फारसा नसतो. कातडीवरचे जंतू घामावर जगतात आणि त्यातून वास तयार होतो. जंतू मारले की वास थांबला. त्यासाठी कापडावर निरनिराळी रसायने चढवतात. त्यांत एक चांदी आणि दुसरे जस्ताचे भस्म, म्हणजे झिंक ऑक्साइड. ही दोन्ही अतिसूक्ष्म कणांच्या, म्हणजे नॅनो कणांच्या रूपात वापरतात.

नॅनोमीटर म्हणजे मीटरचा अब्जावा भाग. माणसाचा केस साधारण ऐंशी हजार नॅनोमीटर जाड असतो आणि हे कण शंभर नॅनोमीटरच्या आतले. एवढे बारीक कशाला करायचे? ज्वारीचा दाणा पाण्यात टाकला तर भिजायला रात्र जाते, पीठ टाकले तर लगेच भिजते. वजन तेवढेच, पण पाण्याला लागणारे अंग कितीतरी पटीने वाढते. चांदीचेही तसेच आहे. दागिन्यातली चांदी वर्षानुवर्षे तशीच राहते. तिचे नॅनो पीठ केले की त्यातून चांदीचे भारित कण पाण्यात सुटू लागतात आणि तेच जंतूला मारतात.

हे सगळे परदेशातून आलेले खूळ आहे असेही नाही. मुंबईत माटुंग्याला कापूस तंत्रज्ञानाची केंद्रीय संस्था आहे. ती 1924 साली स्थापन झाली. तिथल्या शास्त्रज्ञांनी झिंक ऑक्साइडचे नॅनो कण आणि स्टार्च यांचा लेप सुती कापडावर चढवून ते जंतुरोधक करण्याचे काम 2006 साली प्रसिद्ध केले. घाटकोपरला लाल बहादूर शास्त्री मार्गावर कापड गिरण्यांची संशोधन संस्था आहे. जंतुरोधक कापडाच्या चाचण्या तिथे होतात.

यात वाईट काही नाही. सुती कापडाचा उपयोग वाढला तर आम्हाला हवेच आहे. नॅनो चांदीने चांगली कामेही केली आहेत. 2009 साली भाताच्या तुसाची राख आणि नॅनो चांदी वापरणारे, विजेशिवाय चालणारे पाण्याचे गाळणे याच देशात बाजारात आले. दवाखान्यात भाजलेल्या रुग्णाच्या जखमेवर चांदीची पट्टी लावतात, तिलाही आमचा विरोध असण्याचे कारण नाही. आम्ही विज्ञानाच्या विरोधात कधीच नव्हतो. आमचा प्रश्न हिशेबाचा आहे.

धुण्याबरोबर काय वाहते

अमेरिकेत ॲरिझोना राज्यातील विद्यापीठाच्या संशोधकांनी 2008 साली एक साधा प्रयोग केला. चांदी घातलेले पायमोजे बाजारातून आणले आणि पाण्यात धुतले. काही मोज्यांतली जवळजवळ सगळी चांदी चार धुण्यांत निघून गेली. काहींतली एक टक्काही गेली नाही. म्हणजे चांदी कापडात पक्की बसवता येते. ज्याने बसवली नाही त्याचा माल चार धुण्यांनंतर साधा होतो. गिऱ्हाइकाचे पैसे पाण्यात जातात आणि चांदीही पाण्यात जाते.

हे पाणी मुंबईच्या उपनगरांत कोठे जाते ते पाहा. जिथे भुयारी गटार आहे तिथले पाणी घाटकोपर, भांडुप, वर्सोवा, मालाड अशा मैलापाणी केंद्रांकडे जाते. जिथे गटार नाही तिथले सरळ नाल्यात आणि नाल्यातून नदीत. बोरिवलीकडून दहिसर नदी वाहते. कांदिवलीला पोईसर, गोरेगावला ओशिवरा. मिठी नदी विहार आणि पवई या तलावांच्या सांडव्यातून निघते, अंधेरी-घाटकोपर रस्ता ओलांडते आणि कुर्ल्यावरून माहीमच्या खाडीला मिळते. 26 जुलै 2005 रोजी सांताक्रूझला एका दिवसात 944 मिलिमीटर पाऊस पडला, तेव्हा या मिठीचे नाव साऱ्या देशाने ऐकले. एरवी तिला लोक नालाच म्हणतात.

कोणी म्हणेल, मिठी तर मेलेलीच आहे, मेलेल्याला चांदी काय मारणार? बरोबर वाटते, पण उत्तर सोपे आहे. मेलेली नदी जिवंत करायची तर ते काम कोण करणार? जंतूच करणार. मैलापाणी केंद्रात हवा मारून जे जंतू पोसतात तेच घाण खातात. अमोनियाचे नायट्रेट करणारे जंतूही त्यांत आहेत आणि ते चांदीला लवकर बळी पडतात. एका हाताने जंतूंना कामाला लावायचे आणि दुसऱ्या हाताने त्यांच्यावरच औषध सोडायचे, हा कुठला हिशेब?

खरे ते सांगितले पाहिजे. मैल्यात गंधक भरपूर असते. त्याच्याशी चांदीचा संयोग झाला की तिचे विष पुष्कळ कमी होते आणि बरीचशी चांदी गाळात बसते. म्हणून गटारातल्या चांदीची भीती थोडी कमी. पण गाळात बसली म्हणजे संपली असे नाही. त्या गाळाकडे पुढे येऊ.

पाणपिसूचा हिशेब

स्वच्छ गोड्या पाण्यात मात्र गोष्ट वेगळी आहे. विहिरीत, तळ्यात पिसवेएवढा एक जीव उड्या मारत पोहताना दिसतो. त्याला पाणपिसू म्हणू. तो शेवाळाचे बारीक कण खातो, पाणी नितळ ठेवतो आणि माशांची पिले त्याच्यावर जगतात. जगभरच्या प्रयोगशाळा पाण्यातले विष याच जिवावर तपासतात.

विरघळलेली चांदी हजार लिटर पाण्यात एक-दोन मिलिग्रॅम असली तरी दोन दिवसांत निम्म्या पाणपिसवा हालेनाशा होतात. चांदी त्यांच्या अंगातले मिठाचे गणित बिघडवते. पाण्यातून मीठ ओढून घेण्याची शक्ती जाते आणि जीव जातो. नॅनो कणांना मात्रा थोडी जास्त लागते, कारण त्यांतून चांदी हळूहळू सुटते.

आमच्या मापात सांगायचे तर ज्वारीचा एक दाणा साधारण तीस मिलिग्रॅमचा. तेवढी विरघळलेली चांदी दोन-तीन टँकर स्वच्छ पाण्यातल्या पाणपिसवांना पुरते.

आता सरकारी माप पाहा. पिण्याच्या पाण्याच्या 2012 च्या भारतीय मानकात चांदीची मर्यादा हजार लिटरला शंभर मिलिग्रॅम आहे. माणसाला ती चालत असेल. पाणपिसू त्याच्या पन्नासाव्या हिश्श्यालाच गळते. नद्यांच्या नेहमीच्या तपासणीत सामू, विरघळलेला ऑक्सिजन, मैल्याचे जंतू पाहतात. चांदी त्या यादीत नाही. जे मोजतच नाही त्याचा दोषही कोणावर येत नाही.

प्रयोगशाळेतल्या बरणीवरून तळ्याचे अनुमान काढू नये, असे कोणी म्हणेल. कॅनडात ऑन्टॅरिओ प्रांतात प्रयोगासाठीच राखून ठेवलेली तळी आहेत. त्यांतल्या 222 क्रमांकाच्या तळ्यात 2014 आणि 2015 साली मुद्दाम नॅनो चांदी सोडली. माशांच्या अंगात चांदी साठली. पर्च नावाचे मासे कमी खाऊ लागले आणि त्यांची संख्या घटली. आपल्याकडे बारामतीजवळ माळेगावच्या राष्ट्रीय संस्थेतल्या शास्त्रज्ञांनी आपल्या ओळखीच्या मरळ माशावर नॅनो चांदीचा काय ताण पडतो ते तपासून 2018 साली प्रसिद्ध केले. हे कण माशाला तारक की मारक, असा प्रश्न त्यांनी मथळ्यातच विचारला आहे. आमचाही प्रश्न तोच आहे.

आमच्या बांधापर्यंत

मुंबईच्या पाणपिसवांशी कोरडवाहूवाल्याचा काय संबंध, असे वाटेल. संबंध दोन आहेत.

पहिला गाळाचा. शहराचे खत शेतात घाला, असे आम्हाला सांगितले जाते. खत नियंत्रण आदेशात शहरी कंपोस्टसाठी शिसे, पारा, कॅडमियम, क्रोमियम, निकेल, आर्सेनिक, तांबे, जस्त यांच्या मर्यादा घातल्या आहेत. चांदीचे नाव तिथेही नाही. ज्वारीच्या बियाण्याला आम्ही अझोटोबॅक्टर चोळतो, तुरीला रायझोबियम. तेही जंतूच आहेत. विकत आणून पेरलेल्या जंतूंवर शहरातल्या बनियनची चांदी टाकायची असेल तर आम्हाला आधी विचारा.

दुसरा संबंध आमच्याच हातातला आहे. 2021 साली नॅनो युरियाची बाटली आली, 2023 साली नॅनो डीएपीची. नॅनो जस्त आणि नॅनो तांबे त्याच रांगेत आले आहेत. युरिया जंतू मारायला वापरत नाहीत, पण तांबे वापरतात. मोरचूद म्हणजे तांबेच, आणि तो पाण्यात पडला तर माशांचे काय होते हे सांगायला शास्त्रज्ञ नको. म्हणून पंप नाल्यात, विहिरीवर किंवा शेततळ्याच्या काठावर धुवायचा नाही, एवढा नियम आपणच आपल्याला घालून घेऊ. दुसऱ्याला हिशेब मागणाऱ्याने स्वतःचा आधी द्यावा.

2017 साली यवतमाळ जिल्ह्यात कपाशीवर फवारताना विषबाधा होऊन वीसच्या वर माणसे गेली. माणसे गेल्यावर चौकशी झाली आणि बोट आधी फवारणाऱ्याकडेच दाखवले गेले. विष आधी विकायचे आणि ते कोठे जाते हे नंतर शोधायचे, ही रीत आम्ही भोगली आहे. पाणपिसवेला तर तक्रारही करता येत नाही.

आमचे म्हणणे

पहिले, कापडावर लिहा. युरोपात 2013 पासून जंतुरोधक म्हणून कापड विकायचे तर त्यात कोणते रसायन आहे आणि ते नॅनो आहे का, हे लेबलवर छापावे लागते. तिथल्या गिऱ्हाइकाला जे सांगता ते अंधेरी आणि मुलुंडच्या गिऱ्हाइकालाही सांगा. किती धुण्यांत किती चांदी जाते, तेही लिहा.

दुसरे, पाण्यातल्या जिवांवर आधी तपासा. शेतीच्या नॅनो निविष्ठांसाठी केंद्राच्या जैवतंत्रज्ञान विभागाने 2020 साली मार्गदर्शक तत्त्वे काढली. ती शेतीमालासाठी आणि खाद्यासाठी आहेत, कपड्यासाठी नाहीत. माटुंग्याची कापूस संस्था आणि अंधेरीला वर्सोव्यातली मत्स्य शिक्षण संस्था, दोन्ही एकाच भारतीय कृषी अनुसंधान परिषदेच्या. कापडाचा लेप एकीने करावा, त्याचे धुणे दुसरीने मरळीवर आणि पाणपिसवेवर तपासावे आणि निकाल मराठीत छापावा. घाटकोपर ते वर्सोवा 2014 पासून मेट्रो धावते. कापडाकडून माशाकडे जायला आता वेळही लागत नाही.

तिसरे, नद्यांच्या तपासणीत आणि शहरी खताच्या यादीत चांदीचे नाव घाला.

घामाचा वास घालवण्यासाठी गिऱ्हाईक दीडपट पैसे मोजते. त्यातला एक छदामही कापूस पिकवणाऱ्याच्या घामापर्यंत पोचत नाही, ते दुखणे वेगळे आणि जुने आहे. पण आमच्या कापसाच्या अंगावर चढून कोणी तळ्यातला जीव मारत असेल, तर निदान त्याचे नाव वेष्टनावर असू द्या. जिल्हा मेळाव्यात हे तीन ठराव मांडू. त्यावर आपले म्हणणे तयार करून या.