विजेचे घड्याळ आणि कारखान्यांच्या पाळ्या

वीज कोणत्या वेळी वापरली यावर तिचे मोल ठरते, ही गोष्ट महाराष्ट्रातील कारखानदारीला नवी नाही. टंचाईच्या काळात औद्योगिक वसाहतींच्या साप्ताहिक सुट्ट्या निरनिराळ्या वारी वाटून दिल्या गेल्या. पुढे रात्रीच्या विजेला सवलत मिळाली, तेव्हा जालन्यातील पोलाद वितळविणाऱ्या भट्ट्यांसारख्या उद्योगांना रात्रपाळी परवडू लागली. आता चक्र उलटे फिरत आहे. सौरऊर्जेमुळे स्वस्त वीज भर दुपारी मिळते, आणि दिवेलागणीच्या वेळी सारा भार पुन्हा कोळशावर व कोयनेच्या पाण्यावर येऊन पडतो. केंद्र सरकारच्या २०२३ सालच्या नियमांनी हा फरक दरपत्रकात आणला. १० किलोवॉटहून अधिक मागणी असलेल्या वाणिज्यिक व औद्योगिक ग्राहकांसाठी १ एप्रिल २०२४ पासून सौर तासांतील दर नेहमीपेक्षा किमान २० टक्के कमी आणि कमाल मागणीच्या वेळचा दर किमान २० टक्के अधिक असावा, असे ते नियम सांगतात.

यामागचे तर्कशास्त्र बिनतोड आहे. एखाद्या कारखान्याने कोळशाचा बाष्पक काढून विजेचा बसविला आणि तो संध्याकाळी सात वाजता चालविला, तर धूर थांबत नाही. तो केवळ कारखान्याच्या धुराड्यातून कोराडीच्या किंवा चंद्रपूरच्या धुराड्यात जातो. किंबहुना, कोळशातील उष्णतेचा सुमारे दोनतृतीयांश भाग वीज निर्माण होतानाच वाया जात असल्याने, हा व्यवहार तोट्याचाच ठरतो. तोच बाष्पक दुपारी चालवून उष्णता साठवून ठेवली, तरच विद्युतीकरणाला अर्थ आहे.

तथापि, प्रत्येक यंत्र घड्याळाचे ऐकत नाही. सिमेंटची भट्टी अखंड धगधगत ठेवावी लागते. क्लिंकर दळण्याचे काम मात्र काही तास पुढे ढकलता येते. भट्टीतील अर्धवट वितळलेले पोलाद थांबू शकत नाही, पण पुढचा घाणा उशिरा भरता येतो. दळण कमी तासांत उरकायचे तर चक्की मोठी हवी, साठवणीची कोठारे मोठी हवीत, आणि उरलेल्या वेळी ते सारे भांडवल स्वस्थ बसून राहणार. असा खर्च भरून निघण्यास वर्षे लागतात. दर मात्र त्याआधीच बदलू शकतात. रात्रीच्या सवलतीवर विसंबून ज्यांनी पाळ्या आखल्या, त्यांना दुपारच्या सवलतीचा भरवसा वाटत नसेल, तर त्यांना दोष देता येणार नाही. वीज नियामक आयोगाने दरांतील हे अंतर निदान काही वर्षांसाठी आधी जाहीर करून बांधून घ्यावे, एवढी अपेक्षा रास्त आहे.

एका बाजूची चर्चा मात्र होतच नाही. यंत्रमागांच्या गावांत बारा-बारा तासांच्या पाळ्या चालतात आणि मजुरी विणलेल्या कापडाच्या मापावर मिळते. महाग विजेच्या चार तासांत माग बंद ठेवले, तर मालकाचे बिल उतरेल आणि ग्रिडवरील ताणही हलका होईल. त्या चार तासांची मजुरी कोणी सोसावी, याबद्दल दरपत्रकात एक ओळही नसते.